पैसा कोणाचा? : नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य, व्यवस्थापन मंडळ,
आणि मा. प्राचार्य,
नागपूर.

स. न. वि. वि.

महाविद्यालयाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते दोन ओळींत कळेल. बाकीच्यांनी आपल्या मुलामुलींच्या कॉलेजची सूचनाफळी एकदा जाऊन वाचावी. अशी सूचना लावणारं कॉलेज शहरात एकच असेल असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात वाणिज्य विभागाबाहेर अर्ध्या पानाचा कागद लागला. ‘बाजारातील फुगे आणि पडझड : इतिहास’ हा दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह या सत्रापासून बंद. त्याच्या जागी, त्याच वेळेला आणि त्याच खोलीत ‘ट्रेडिंग लॅब’ नावाचा कौशल्य अभ्यासक्रम. कारण दिलंय, ‘अल्प प्रतिसाद व रोजगाराभिमुखतेचा अभाव’. खाली सही आणि शिक्का. हा विषय मी आपल्याकडे सहा वर्षं शिकवला. मला आपल्यापैकी कोणाचा फोन आला नाही. कागदाचा फोटो एका विद्यार्थिनीनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, आपला वर्ग गेला जी.’

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं वाचता येईल. मी तासिका तत्त्वावर होतो. मानधन तासाच्या हिशोबानं मिळायचं, तेही सत्र संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी. ते गेलं म्हणून मी ओरडतोय असं कोणी म्हणेल, म्हणून लिहून देतो: वर्ग परत सुरू झाला तर मी एक पैसाही न घेता शिकवीन. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला नेमलंत तरी माझी हरकत नाही. वर्ग राहिला पाहिजे.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९९० साली मी इतवारीतल्या एका सब-ब्रोकरच्या पेढीवर हिशोबनीस म्हणून लागलो. तेव्हा नागपुरात स्क्रीन नव्हती. राष्ट्रीय शेअर बाजाराचे उपग्रहावरून चालणारे शेअरचे सौदे सुरू झाले ते नोव्हेंबर १९९४ मध्ये. त्याआधी भाव यायचे एसटीडीवरून, मुंबईच्या ब्रोकरकडचा पोरगा फोनवर ओरडेल तसे, आणि खरा भाव दुसऱ्या दिवशी पेपरात. शेअर म्हणजे हातात धरायचा कागद. त्याला ट्रान्सफर डीड टाचलेलं, आणि डीडवरची सही जुळली नाही की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून परत. माझे निम्मे दिवस लोकांच्या सह्या जुळवण्यात गेले.

आमचे मालक आठवी शिकलेले. नवं गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पैसा कोणाचा?’ म्हणजे शिलकीतला आहे, की मेव्हण्याकडून आणलाय, की बायकोच्या पाटल्या मोडल्यात. उसना आहे असं कळलं तर सौदा लिहीत नसत. ‘जाय घरी, चहा पिऊन जाय,’ एवढंच म्हणत. आम्ही पोरं मागे बसून हसायचो.

१९९२ च्या एप्रिलात हसू आणखी वाढलं, कारण मालक सोडून सगळेच श्रीमंत होत होते. एसीसीचा शेअर सुमारे दोनशे रुपयांवरून नऊ हजारांच्या घरात गेला होता. सिमेंट तेच, कारखाने तेच. २२ एप्रिलला सेन्सेक्स ४,४६७ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी हर्षद मेहता आणि स्टेट बँकेच्या रोख्यांची बातमी पेपरात आली. २८ एप्रिलला एका दिवसात निर्देशांक सुमारे १२.८ टक्के घसरला. माझे वडील त्याच वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्या फंडाचे पैसे मीच बाजारात घातले होते, आणि मालक विचारतील या भीतीनं दुसऱ्या पेढीवरून. वडील त्यावर कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. सोळा वर्षांनी मी पुन्हा बुडालो. १९९२ मधून मी शिकलो होतो ते एवढंच, की कोण्या ‘बिग बुल’च्या मागे लागू नये. २००८ च्या जानेवारीत बिग बुल कुठे होता? घोटाळा नव्हता, खोटे कागद नव्हते, सगळं डिमॅटमध्ये स्वच्छ. म्हणून मी निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे थोडी रक्कम (मार्जिन) भरून केलेले मोठ्या रकमेचे वायदे, धरून बसलो. २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची मर्यादा, लागून व्यवहार तासभर थांबले. मार्जिन भरायला माझ्याकडे पैसे नव्हते, आणि पोझिशन त्या दिवशीच्या तळाला कापली गेली. मालक तोवर वारले होते. प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. विचारला असता तर उत्तर सोपं होतं: लॉटच्या किमतीतला बराच मोठा भाग माझा नव्हताच.

एक पडझड मी भोगली होती, पण तिचा अभ्यास केला नव्हता. भोगलेल्या माणसाला फक्त आपल्या पडझडीचा चेहरा ओळखता येतो. पुढची दुसरा चेहरा घेऊन येते, आणि तो तिला दारात बसवून चहा देतो. पाचपंचवीस पडझडी शेजारी शेजारी मांडल्या की मगच त्यांच्यात सारखं काय आहे ते दिसतं. तो वर्ग सुरू करण्यामागे एवढंच कारण होतं.

आता तक्रारी.

पहिली आपल्या शब्दाबद्दल, ‘अल्प प्रतिसाद’. गेल्या वर्षी वर्गात बावीस मुलं होती. शुक्रवारी दुपारी तीन ते पाच, मार्च-एप्रिलच्या उन्हात, वरच्या मजल्यावर, बंद पडलेल्या कूलरखाली. या वेळेला बावीस मुलं येत असतील तर त्याला अल्प म्हणायचं का, हे मंडळानं एकदा त्या खोलीत दोन तास बसून ठरवावं. ना अभ्यास मंडळासमोर विषय आला, ना विभागाच्या बैठकीत. मुलांना कोणी विचारलं नाही.

दुसरी तक्रार त्या जागी जे आणलंय त्याची. लॅबचं माहितीपत्रक मी पाहिलं. एका खासगी अकादमीशी करार आहे. ‘लाइव्ह मार्केटवर प्रत्यक्ष सराव’ असं पहिल्याच पानावर आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी ठरावीक लिंकवरून डिमॅट खातं उघडायचं. त्या खात्यामागे कोणाला काय मिळतं याचा उल्लेख कुठेच नाही. मधल्या पानावर निफ्टीचा आलेख आहे, डावीकडून उजवीकडे डोंगर चढत जाणारा. तो सुरू होतो एप्रिल २०२० पासून. माझ्या वर्गातल्या कोणत्याही पोरानं पहिला प्रश्न हाच विचारला असता: सर, इथूनच का? कारण आदल्याच महिन्यात, २३ मार्च २०२० ला, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्के पडला होता. खड्ड्याच्या तळापासून फूटपट्टी लावली तर कोणताही माणूस उंच दिसतो.

त्याच पानावर ‘लाँग टर्ममध्ये बाजार नेहमी वरच जातो’ असंही आहे. लाँग म्हणजे किती लाँग? अमेरिकेचा डाऊ जोन्स ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर होता. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला, आणि १९२९ ची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ अखेर ३८,९१५ वर बंद झाला, आणि तो आकडा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ यावा लागला. चौतीस वर्षं. तोवर त्या वर्षी जन्मलेलं पोर स्वतः बाप होऊन बसलं. हे सांगून मुलांना घाबरवायचं नाही. एसआयपी करू नका असंही मी कधी म्हटलं नाही, माझी स्वतःची चालू आहे. पण ‘नेहमी’ हा शब्द कॉलेजच्या शिक्क्याखाली छापायचा नसतो.

आणि ऑप्शनबद्दल तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच लिहून ठेवलंय. सप्टेंबर २०२४ च्या तिच्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. या व्यापाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. चारातल्या जवळपास तिघांचं जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांहून कमी. ही पोरं कोण आहेत? आपल्याच बाकांवर बसणारी. ‘रोजगाराभिमुख’ या शब्दात नक्की कोणाचा रोजगार धरलाय, हे मला कळलं तर बरं होईल. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं असंही स्पष्ट केलं की निव्वळ शिक्षण देणाऱ्यानं शिकवताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत, म्हणजे शिकवण्याच्या नावाखाली टिपा देता येऊ नयेत. मग ‘लाइव्ह मार्केट’ या दोन शब्दांचं काय? करार करताना कोणा वकिलाला दाखवला होता का?

नंदनवनकडचा एक मुलगा मागच्या दिवाळीत आईला घेऊन माझ्याकडे आला. माझ्या वर्गातला नव्हता. होस्टेलचे आणि परीक्षेचे पैसे त्यानं ऑप्शनच्या आठवड्याच्या एक्सपायरीवर, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवसावर, लावले होते, आणि मग ते भरून काढायला ॲपवरून कर्ज. त्यानं सौद्यांची वही ठेवली होती. नफ्याचे दिवस हिरव्या पेननं, तारखेसकट, नीट. तोट्याच्या दिवशी पान कोरं. मी ती वही चाळत होतो आणि आई विचारत होती, ‘सर, हे कोणत्या कॉलेजात शिकवते जी?’ तेव्हा मी म्हणालो, कोणत्याच नाही. आता ते उत्तर देता येणार नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त टोचते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. मंडळातल्या एका सन्माननीय सदस्यांनी विभागप्रमुखांना म्हटलं असं कानावर आलं, की ‘हॉलंडचे ट्यूलिप आणि लंडनच्या कंपन्या शिकून नागपूरच्या पोराला काय मिळणार?’

एक तर ट्यूलिपबद्दल आम्ही मुलांना हेच शिकवत होतो की फेब्रुवारी १६३७ मध्ये ट्यूलिपचे भाव कोसळून हॉलंड देशोधडीला लागला ही दंतकथा आहे. बाजार कोसळला हे खरं. पण व्यवहार गुत्त्यांत बसणाऱ्या मोजक्या लोकांचा होता, कंद अजून जमिनीत होते, आणि चिठ्ठ्या फिरत होत्या. देणाऱ्याकडे पैसा नव्हता आणि विकणाऱ्याकडे फूल. लंडनच्या साऊथ सी कंपनीनं तर १७२० मध्ये आपलेच शेअर घ्यायला लोकांना आपल्याच शेअरवर कर्ज दिलं, आणि जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास असलेला शेअर उन्हाळ्यात हजारापर्यंत नेला. वर्ष संपायच्या आत तो होता तिथेच आला. न्यूटननं त्यात आधी नफा घेतला, मग राहवलं नाही म्हणून वरच्या भावात परत शिरला आणि मोठी रक्कम गमावली. मुलं या तासाला खूश असत, गणितात नापास झालेली विशेष.

पण ते सदस्य म्हणतात तसं, नागपूरचं काय? ऐका.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस लँकेशायरला पोचेना, आणि इंग्रजांना हिंदुस्थानातला कापूस हवाहवासा झाला. आपल्या हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा बाजारात होतं. रेल्वे नागपूरला आली १८६७ साली, म्हणजे तेजीच्या त्या वर्षांत इथला माल आधी बैलगाडीवरच चढायचा. मुंबईत पैशाचा पूर आला. पूर आला की कंपन्या निघतात: बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. बॅक बे रेक्लमेशनच्या पाच हजार रुपये भरलेल्या एका शेअरला पन्नास हजारांच्या आसपास भाव आला होता. जमीन अजून पाण्याखाली होती. १८६३ च्या नव्या कायद्यानं बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण घेऊन कर्ज द्यायची मोकळीक मिळाली, आणि ठेवीदारांचा पैसा प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेबाज व्यापाऱ्यांच्या सौद्यांत गेला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापूस पडला. वायद्यांच्या हिशोबाचा दिवस होता १ जुलै १८६५, आणि त्या दिवशी कोणाकडेच द्यायला काही नव्हतं. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतला आहे. फुग्यातून उरलेलं दगडी बांधकाम. पुढे कधी गेलात तर बघा.

त्या पडझडीत एक पंचविशीतला पारशी तरुण लंडनमध्ये अडकला. वडिलांच्या पेढीनं त्याला तिथे बँक काढायला पाठवलं होतं, सोबत हुंड्या आणि कागद देऊन. तो पोचेपर्यंत कागदांची किंमत उतरत गेली. देणेकऱ्यांसमोर त्यानं हिशोब उघडा ठेवला, पळाला नाही. बारा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, त्याच माणसानं नागपुरात जुम्मा तलावाजवळ गिरणी सुरू केली. जमशेटजी टाटा. एम्प्रेस मिल. शेअरच्या वाऱ्यावर पोळलेला माणूस जिथे कापूस पिकतो तिथे येऊन सूत कातायला बसला. माझे आजोबा त्या मिलमध्ये साच्यावर होते. आता तिथे मॉल आहे, आणि आपले विद्यार्थी शुक्रवारचा तास बुडवून तिथेच सिनेमाला जातात. नागपूरच्या पोराला हे शिकून काय मिळणार? निदान आपण कोणत्या जागेवर पॉपकॉर्न खातोय ते कळेल.

याहून जवळचं सांगतो. १९९२ चा घोटाळा चालला कसा? बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत, पण रोखे प्रत्यक्ष हलवायचे नाहीत म्हणून ‘बँक रिसीट’ नावाची पावती देत: रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देऊ. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन लहान बँकांनी अशा पावत्या मागे रोखे नसतानाच दिल्या. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीनं ही भोकं मोजली तर आकडा चार हजार कोटींवर गेला. म्हणजे धडा अगदी लहान होता: पैसे दिलेत, तर रोखे हातात आले का ते बघा.

दहा वर्षं गेली. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घ्यायला सुमारे दीडशे कोटी रुपये दिले. रोखे आलेच नाहीत. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्याच सापळ्यात. होम ट्रेडच्या जाहिरातीत देशातला सगळ्यात लाडका क्रिकेटपटू होता, नट होते. बँकेत पैसा होता तो शेतकऱ्यांचा, सोसायट्यांचा. न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला, आणि तोवर त्या ठेवीदारांतले किती जण होते? १९९२ आणि २००२ हे दोन पाठ फळ्यावर शेजारी लिहिले की मागच्या बाकावरचं पोरही म्हणतं, सर, हे तर तेच आहे. हे ओळखायला वाणिज्याचा पदवीधर लागत नाही. पण त्या बँकेत पदवीधर होते, आणि त्यांना १९९२ कोणी शिकवलं नव्हतं, कारण तेव्हाही ते ‘अभ्यासक्रमाबाहेर’ होतं.

डब्ब्याचं, म्हणजे बाजाराबाहेरच्या बेकायदा सौद्यांचं, तर आपल्याला सांगायलाच नको. इतवारीत ज्याचं बालपण गेलं त्याला कॉम्प्युटरवर भाव शेअर बाजाराचे आणि सौदा चिठ्ठीवरचा, हा धंदा माहीत आहे. २०१६ मध्ये पोलिसांनी छापे घातले तेव्हा शहरानं आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं.

चौथी तक्रार एका पेटीची आहे.

पहिल्या वर्षीच मी मुलांना घरचा अभ्यास दिला होता: घरातला सगळ्यात जुना मेलेला कागद आणा. पुढच्या शुक्रवारी जे आलं ते पाहून मी शिकवायचं थांबवलं. १९९४-९५ च्या इश्यूंची अलॉटमेंट पत्रं, ज्यांतल्या निम्म्या कंपन्यांचा पुढे पत्ताच लागला नाही. सागवान लागवडीची प्रमाणपत्रं, हिरव्या पानांची नक्षी काढलेली, वीस वर्षांत एका झाडाचे अमुक हजार होतील म्हणून. या योजनांना सेबीचे नियम लागू व्हायला १९९९ उजाडलं. युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेचं पासबुक, सरकारी म्हणून डोळे मिटून ठेवलेलं. २ जुलै २००१ ला त्याची परतफेडच सहा महिने थांबवली गेली होती. एक मुलगी आजोबांचं पाकीट घेऊन आली. आजोबांनी ते कपाटात गीतेच्या खाली ठेवलं होतं आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं विचारल्यावर पहिल्यांदा बोलले. मग दोन तास बोलत राहिले, असं ती म्हणाली.

दरवर्षी भर पडत गेली. पालक स्वतः येऊन देऊ लागले, काही जण नाव खोडून. प्रत्येक कागदामागे मुलांनी एक पान लिहून जोडलंय: हा कोणी घेतला, कोणाच्या सांगण्यावरून, आणि मालकांचा प्रश्न, पैसा कोणाचा होता. उत्तरं वाचवत नाहीत. ‘आईच्या सोसायटीचं कर्ज.’ ‘काकांचा वाटा.’ ‘ताईच्या लग्नाचे.’ ट्यूलिपच्या चिठ्ठ्या, साऊथ सीचं कर्ज, १९२९ मध्ये दहा टक्के भरून घेतलेले शेअर, कराडच्या पावत्या, माझा २००८ चा लॉट, आणि या पानांवरची उत्तरं. सहा वर्षांत मी शिकवलं ते एवढंच. सेबीच्या अहवालात घरातल्या या गोष्टी मिळणार नाहीत. त्या एका लोखंडी ट्रंकेत आहेत, आणि ती ट्रंक वाणिज्य विभागाच्या कपाटाशेजारी असायची.

लॅबच्या स्क्रीन लावायला जागा हवी म्हणून ती बाहेर काढली. कुठे, ते शोधायला मला दोन दिवस लागले.

आता मागण्या. जास्त नाहीत.

विषय याच सत्रात परत सुरू करा. ट्रेडिंगचा अभ्यासक्रम बंदच करा असं मी म्हणत नाही. मुलं बाजारात जाणारच आहेत, मीही गेलो. पण ज्याला लॅबमध्ये बसायचंय त्यानं आधी हा इतिहास पूर्ण केलेला असावा, असा नियम करा.

अकादमीशी झालेला करार सूचनाफळीवर लावा. उघडलेल्या प्रत्येक खात्यामागे महाविद्यालयाला, अकादमीला आणि ब्रोकरला काय मिळतं ते आकड्यात लिहा. पालकांना ते वाचता आलं पाहिजे, म्हणून मराठीत लिहा.

वर्गात लाइव्ह भाव दाखवणं थांबवा, आणि प्रवेश अर्जासोबत सेबीच्या अहवालातले वरचे आकडे एका पानावर छापून त्यावर पालकांची सही घ्या. माहितीपत्रकातला आलेख २००८ पासून काढा. चढण तरीही दिसेल, फक्त खड्डेही दिसतील.

यावर चर्चेसाठी मी कोणत्याही दिवशी येईन. अभ्यास मंडळासमोर बोलवा, मंडळाच्या बैठकीत बोलवा, पालकसभेत बोलवा. अकादमीच्या लोकांनाही बोलवा. त्यांच्याशी माझं भांडण नाही, ते आपला धंदा करताहेत. कॉलेजचा धंदा वेगळा असतो एवढंच माझं म्हणणं आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात जे विचारता येईल ते मी विचारीन, आणि विद्यापीठाकडेही लिहीन. हे धमकी म्हणून लिहिलेलं नाही. पुढे काय करणार ते आधीच सांगितलेलं बरं असतं.

शेवटची मागणी ट्रंकेची. ती ग्रंथालयात हलवा, नोंदवहीत तिची नोंद करा. लोकांनी विश्वासानं दिलेली वस्तू आहे, कॉलेजचं भंगार नाही. याला ठराव लागेल, वेळ लागेल, मान्य आहे. तोवर ती मागच्या फाटकाजवळच्या चौकीदाराच्या खोलीत आहे, थेट फरशीवर. पावसाळा सुरू झालाय आणि त्या खोलीत खालून ओल येते. चौकीदार भाऊंना मी सांगून आलोय, पण ते म्हणाले, साहेबांनी सांगितल्याशिवाय हात लावता येत नाही. तेव्हा आज एवढं करा, त्यांना फोन करून सांगा की ट्रंक चार विटांवर ठेवा. विटा मी बाहेर ठेवून आलोय.

कळावे,

आपला,
माजी तासिका अध्यापक, वाणिज्य विभाग
नागपूर